दोन सूत

नानांना फट सहन होत नाही. दाराखालची, खिडकीच्या चौकटीतली, दोन फरश्यांमधली, बोलण्यातलीसुद्धा. तुम्ही दम घ्यायला क्षणभर थांबलात की तेवढ्यात ते आपलं वाक्य ठासून बसवतात. श्रीवर्धनच्या बाजारात त्यांचं किराणा आणि सुपारीचं दुकान आहे. त्या दुकानाला दहा फूट रुंद, आठ फूट उंच शटर आहे, आणि ते शटर दाखवल्याशिवाय नाना पाव किलो साखरही तोलत नाहीत.

अशी माणसं गावोगाव असतात. मांडवात जेवायला बसण्याआधी कनात कुठे उसवली आहे ते हेरतात. दुसऱ्याच्या घरी चहा पिता पिता खिडकीच्या कडेवरून बोट फिरवतात आणि बोट ओलं झालं की त्यांना चहा गोड लागतो. देवळात प्रदक्षिणा घालताना त्यांचे डोळे कळसाकडे नसतात, पन्हळीकडे असतात. फरक इतकाच, की बाकीचे नुसते चुकचुकतात आणि नाना खिशातून पट्टी काढतात. "दोन सूत," असं पुटपुटतात. आठ सुतांचा इंच, म्हणजे दोन सूत पाव इंच झाले. नानांच्या लेखी पाव इंचाची फट ही फट नाही, तो दरवाजा उघडा टाकलेला आहे.

हे खूळ मुंबईचं. तिथे एका बस-बॉडीच्या वर्कशॉपात त्यांनी उमेदीची वर्षं काढली. पत्रा वाकवायचा, रिव्हेट मारायची, काचेला रबर बसवायचं, आणि बस तयार झाली की ती पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी करायची. बाहेरून धो धो पाणी, आत नाना बॅटरी घेऊन एकेका सीटवर बसून वर बघताहेत. जिथे थेंब दिसेल तिथे खडूची फुली. "शेवटी शेवटी मास्तर," ते मला सांगतात, "फुली मारायला जागा सापडेना." आपल्याकडच्या बसमधून पावसाळ्यात प्रवास केलेल्या कोणाला हे पटणार नाही, पण नानांच्या बसेस बहुधा दुसऱ्या राज्यात जात असाव्यात.

वडील गेल्यावर ते गावी परतले. दुकानाला तेव्हा फळ्या होत्या. प्रत्येक फळीवर डांबराने आकडा घातलेला, त्याच क्रमाने खोबणीत सरकवायची. पावसाळ्यात त्या फुगायच्या. सातवी फळी तर आषाढात बसली की श्रावणातच निघायची, तोवर गिऱ्हाइकांनी आठव्या फळीच्या जागेतून आत यायचं. आणि दुकानात माल काय, तर सुपारी. श्रीवर्धनी रोठा नाव मोठं, पण नखरा त्याहून मोठा. महिना-सव्वा महिना उन्हात वाळवायची आणि पुढे तिला दमट हवेचा श्वासही लागू द्यायचा नाही, नाहीतर बुरशी धरलीच. समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या गावात हे असलं पीक घ्यायची बुद्धी ज्याला झाली, तो नानांचाच कोणीतरी पूर्वज असणार.

फळ्या काढून शटर बसवायचं ठरलं. माणगावहून शटरवाला आला, त्याने पट्ट्यांचा नमुना दाखवला. नानांनी त्याला पाणी विचारायच्या आधी आतून मायक्रोमीटर आणला.

"बावीस गेज," नाना म्हणाले. "0.7 मिलिमीटर."

"अख्ख्या कोकणात मी बावीसचंच बसवतो, नाना."

"म्हणून अख्खं कोकण ठिगळं लावत बसलंय."

मग नानांनी भारतीय मानक काढलं. आयएस 6248, साल 1979. साडेतीन मीटर रुंदीपर्यंत पट्टी निदान 0.9 मिलिमीटरची हवी. शटरवाला म्हणाला, त्या साली माझा जन्मही झाला नव्हता. नाना म्हणाले, मानक तुझ्यासाठी थांबलं नाही. शेवटी समुद्राची खारी हवा धरून अठरा गेजवर, म्हणजे 1.2 मिलिमीटरवर तोड निघाली. वजन वाढलं म्हणून स्प्रिंगा वाढल्या, स्प्रिंगा वाढल्या म्हणून वरचा पाईप जाड झाला, आणि पाईप जाड झाला म्हणून भिंतीतले ब्रॅकेट. नानींच्या पाटल्या कशा कशा वाढत्या खर्चात गेल्या त्याचा हिशेब नाना सांगत नाहीत, नानी सांगतात.

काळा पत्रा आणि त्यावर रेड ऑक्साइड, हा गावाचा जुना रिवाज. नानांनी जीआयचा आग्रह धरला, तोही चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 275 ग्रॅम जस्ताचा. शटरवाल्याला जस्त म्हणजे चकाकी एवढंच ठाऊक. नानांनी त्याला पायरीवर बसवून शिकवणी घेतली. रंग नुसता झाकतो. रंगावर ओरखडा गेला की त्याच्याखाली गंज पसरत जातो. जस्ताचं तसं नाही. ओरखडा गेला तरी शेजारचं जस्त आधी गंजतं, स्वतः झिजतं, पण लोखंडाला गंजू देत नाही.

"म्हणजे माझ्यासारखं," आतून नानी म्हणाल्या.

शिकवणी तिथेच संपली.

बसवण्याचे दिवस गावाने मजेत घालवले. शटरवाल्याने खालच्या पट्टीला अँगल वेल्ड केला, की नाना तारेचा ब्रश घेऊन त्याच्या मागे. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं जस्त जळून जातं; ती जागा खरवडून तिथे जस्ताचा रंग लावला नाही तर गंज पहिल्यांदा तिथूनच शिरतो. हे खरं आहे आणि नव्वद टक्के शटरं खालच्या पट्टीपासूनच का कुजतात ते बाजारातून एक फेरी मारली तरी दिसतं (नव्वद हा आकडा नानांचा, मी मोजायला गेलो नाही). पट्ट्या ओवताना वरच्या पट्टीची वळी बाहेरून खालच्या पट्टीवर आलीच पाहिजे, उलट ओवलं तर प्रत्येक सांध्यात पाणी साठतं. पट्ट्यांच्या टोकांना लॉक हवेतच, नाहीतर वाऱ्याने शटर फुगलं की पट्टी चॅनलमधून बाहेर. शटरवाला शेवटी कंटाळून म्हणाला, "नाना, तुम्हीच बसवा, मी तुमच्याकडे मजुरीला राहतो." नानांनी मनावर घेतलं. तो दोन दिवस राहिला.

खरा उद्योग मात्र तो गेल्यावर सुरू झाला. शटर खाली आल्यावर खालच्या पट्टीत आणि उंबऱ्यात किती फट राहते? नाना म्हणाले, दोन सूत. ती बुजवायला त्यांनी आधी ट्रकची ट्यूब कापून लावली. दोन उन्हाळ्यांत तिला भेगा गेल्या. मग मुंबईच्या जुन्या सोबत्याकडून बसच्या खिडकीचं ईपीडीएम रबर मागवलं, जे ऊन आणि ओझोन सोसतं. ते खरंच टिकलं असतं, पण उंदरांना त्याच्या पलीकडच्या शेंगदाण्यांचा वास आला आणि त्यांनी एका रात्रीत कोपरा कुरतडला. नानांनी उंदीर मारला नाही. त्यांनी रबराच्या पुढे पत्र्याची दीड इंची पट्टी लावली आणि म्हणाले, "आता चाव." चॅनलमध्ये दोन्ही बाजूंनी नायलॉनचे ब्रश. एकाने नमद्याची पट्टी सुचवली तर त्याच्यावर ते उखडले, कारण नमदा पाणी धरून बसतो आणि ओला नमदा पत्र्याला चिकटला म्हणजे गंजाला घर बांधून दिलं.

मग चाचण्या. त्या पाहायला आम्ही शिक्षक मंडळी शाळा सुटल्यावर जायचो.

पहिली नोटेची. शटर बंद करताना खाली दहाची नोट धरायची आणि बंद झाल्यावर ओढायची. सहज निघाली तर तिथे रबर टेकत नाही. नोट गिऱ्हाइकाची असे. जिथे रबर चांगलं टेकलं होतं तिथे नोट फाटायची आणि नाना आनंदाने दुसरी द्यायचे.

दुसरी उदबत्तीची. वारा सुटला असेल त्या संध्याकाळी आत पेटवलेली उदबत्ती घेऊन शटरच्या कडेकडेने फिरवायची. धूर जिथे हलेल तिथे हवा शिरतेय. एका शुक्रवारी गाभाऱ्यात जितका नसेल इतका धूर बघून नवी आलेली पाहुणी शटराला नमस्कार करून गेली.

तिसरी बॅटरीची. रात्री बाहेरून दुकानातला पोऱ्या बॅटरी मारणार, आत अंधारात नाना प्रकाशाची रेघ शोधणार. "वर घे! डावीकडे! अरे, तुझ्या डावीकडे नाही, माझ्या!" नाना आत आणि पोऱ्या बाहेर असल्यामुळे दोघांची डावी बाजू जुळायला तास जाई.

आणि चौथी फवाऱ्याची. विहिरीच्या पंपाला पाईप जोडून अर्धा तास शटरवर पाणी. मे महिन्यात, जेव्हा बाजारातल्या बायका एकेका कळशीसाठी ताटकळत असत. नाना आत बसलेले. वीज गेली, पंप थांबला, तर ते आतूनच ओरडत, "चालू द्या, चालू द्या, अजून कोरडंच आहे!"

एवढं करून पहिल्याच पावसाळ्यात सुपारीला बुरशी आली.

नानांना आठवडाभर झोप नव्हती. सकाळी शटर उघडलं की आतल्या बाजूने पत्र्यावर थेंब. बॅटरी मारली, उदबत्ती फिरवली, कुठे काही नाही. मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला तोंड उघडावंसं वाटलं. म्हटलं, नाना, हे पाणी बाहेरून आलेलं नाही. पोती, सुपारी, जमीन सगळं हवेत ओल सोडतं. तुम्ही हवा कोंडलीत, रात्री पत्रा गार झाला की ती ओल त्याच्यावर जमते.

"म्हणजे पाणी आतलं?"

"आतलंच."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, की जसं काही मी त्यांच्या घराण्याबद्दल बोललो. तरी त्यांनी भिंतीत वरच्या बाजूला समोरासमोर दोन झरोके पाडले, त्यांना जाळी आणि खाली झुकलेल्या पट्ट्या बसवल्या. पुढे बुरशी आटोक्यात आली. नानांनी ते श्रेय सुपारीच्या नव्या लॉटला दिलं.

त्यांचा शनिवार शटराचा. गोड्या पाण्याने ते आतून-बाहेरून धुवायचं, विशेषतः वरचा खोका आणि आतली बाजू, कारण बाहेरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, आडोशाला बसलेलं मीठ मात्र वर्षानुवर्षं बसून खातं. स्प्रिंगांना ग्रीस, पट्ट्यांना नाही. तेलकट पट्टीवर पुळणीची वाळू चिकटते आणि मग शटर वर-खाली होताना स्वतःलाच घासतं. कुलपात ग्रॅफाइटची पूड. हा नियम नानींना मान्य नव्हता. त्यांच्या माहेरी कुलपात पिढ्यान्‌पिढ्या खोबरेल घालत आले. त्यांनी गुपचूप घातलं. डिसेंबरातल्या एका गार सकाळी ते थिजलं, किल्ली फिरेना, आणि नाना स्वतःच्या दुकानाबाहेर उन्हं येईपर्यंत उभे राहिले. त्या सकाळी त्यांनी उष्णतेचा मारा म्हणून कुलपाजवळ चहाचा पेला धरला होता, हे मी पाहिलेलं आहे. दसऱ्याला शटराला झेंडूचा हार, पण खिळा न मारता, चुंबकाने. आणि संध्याकाळी हार उतरवायचा, कारण ओली फुलं पत्र्याला टेकलेली बरी नव्हेत.

हा माणूस अडाणी हेकट आहे असं समजू नका. चिपळूणच्या बाजारपेठेतल्या त्यांच्या व्याह्यांनी 22 जुलै 2021 च्या पुरानंतर निरोप धाडला, की आमच्याही शटराला तुमच्यासारखं रबर लावून द्या, पुन्हा पाणी शिरायला नको. आम्हाला वाटलं, नाना हरखून जातील. त्यांनी कागदावर आकडे मांडले. दहा फुटी शटराबाहेर मीटरभर पाणी उभं राहिलं तर शटरावर दीड टन दाब पडतो, आणि पाणी दुप्पट चढलं तर दाब चौपट. तिथे तर मीटरची भाषाच नव्हती, वाशिष्ठी माणसाच्या डोक्यावरून गेली होती. "शटर पावसासाठी असतं, नदीसाठी नसतं," त्यांनी कळवलं. "माल माळ्यावर टाका आणि गाव सोडा." व्याही दुखावले. नानांनी फट बुजवायला नकार दिल्याची ही एकच नोंद माझ्याकडे आहे.

त्याच्या आदल्या वर्षीचं मात्र सांगायला हवं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. टाळेबंदी होतीच, त्यामुळे सगळे घरात. हवामान खात्याने ताशी 110 ते 120 किलोमीटर वारा सांगितला. नानांनी पेन्सिलीने गणित केलं: त्या वाऱ्याचा शटरावर दाब चारशे किलोच्या वर. त्यांनी टोकांचे लॉक तपासले, आतून दोन आडवे बांबू ठोकले, चॅनलच्या पायात एम-सील ठासलं, आणि खालच्या पट्टीला बाहेरून डांबराचा जाड थर ओढला. दुकानातून घरात जायच्या दारालाही रबर होतंच. मला फोन करून म्हणाले, "मास्तर, आज परीक्षा आहे."

दुपारभर जे झालं त्याची गंमत करणार नाही. पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि पोफळ लावली की फळ धरायला वर्षं जातात. माणसं मुकाट उभी होती. वीज कित्येक आठवडे आली नाही.

वारा पडल्यावर मी बाजारात गेलो. शेजारच्या रांगेतली शटरं कागदासारखी दुमडली होती. नानांचं उभं होतं. पट्टी हललेली नाही, चॅनल सरळ. नाना समोर उभे होते आणि भिजून चिंब झाले होते, कारण दुकानाचं छप्पर शेजारच्या आळीत पडलं होतं.

पत्रे ज्या जे-हुकांनी वाश्यांना धरले होते, ते वडिलांच्या वेळचे. वायसर कधीच कुजलेले, हुक गंजून सुतळीएवढे. वादळी वाऱ्याचा जोर छपराच्या कडा आणि कोपरे वर खेचण्यात असतो, आणि नाना इतकी वर्षं डोळ्यांच्या उंचीवर आणि त्याच्या खालीच बघत आले होते. छप्पर गेल्यावर पाऊस सरळ आत. आणि आत आलेला पाऊस जाणार कुठे? शटराखालून नाही, चॅनलमधून नाही, घराच्या दारातून नाही.

आम्ही शिडी लावून भिंतीवरून आत डोकावलो. घोट्याच्या वर पाणी. त्यात साखर, गूळ आणि खडे मीठ विरघळलेलं, वर कोकमं तरंगत होती. लिंबू तेवढं नव्हतं.

नाना शिडीच्या वरच्या पायरीवर बराच वेळ होते. मग माझ्याकडे वळले.

"पाहिलंत? दुपारपासून उभं आहे. एक थेंब बाहेर नाही."

डांबर कोयत्याने कापावं लागलं. शटर वीतभर उचललं तसं ते सरबत बाहेर उभ्या असलेल्यांच्या पायांवरून बाजारात गेलं, आणि पुढे आठवडाभर आमच्या आळीत मुंग्यांचं राज्य होतं.

पंचनाम्याला तलाठी आले. छप्पर गेलं, लिहिलं. माल गेला, लिहिला. कागद मिटायला लागले तसे नाना म्हणाले, "शटर राहिलं."

"शटराला काय झालं?"

"काही नाही. तेच लिहा. शटर सुस्थितीत."

"नाना, सुस्थितीला भरपाई नसते."

"भरपाई कोण मागतोय? नोंद घ्या."

तलाठ्यांनी समोरच्या दुमडलेल्या शटरांकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलं. नाना त्यावर सही करून मागत होते, पण तेवढ्यात नानींनी चहा आणला.

नवं छप्पर झालं. हुक जस्ताचे, कडेला दुप्पट, प्रत्येकाखाली रबर. त्याविषयी वेगळं लिहावं लागेल इतकं ते आता छपराबद्दल बोलतात. पण शटरवाला पुन्हा माणगावहून आला तो एका अवघड कामाला. चॅनलच्या पायातलं एम-सील फोडायचं आणि तळाशी पाणी जायला भोकं पाडायची. तो म्हणाला, मी पहिल्या दिवशीच सांगत होतो, नाना, चॅनल उंबऱ्यापासून थोडा उचला, पाणी निघून जाऊ दे. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी भोकं बाहेरच्या बाजूला उतरती पाडून घेतली, कापलेल्या कडांना जस्ताचा रंग लावला, आणि गिऱ्हाइकांना सांगू लागले, "ही गळती नाही, निचरा आहे."

तेवढ्यावर थांबते तर ते नाना कसले. पंधरवड्याच्या आत प्रत्येक भोकाला रबराचं बूच आलं, सुतळीने बांधलेलं. कारण भोकातून पाणी बाहेर जातं हे खरं, पण वाऱ्याबरोबर आतही येऊ शकतं. म्हणून नियम केला: इशारा पिवळा असेल तर बुचं काढलेली, नारंगी असेल तर समुद्राकडची घातलेली आणि बाजाराकडची काढलेली. रात्री पावसाचा आवाज बदलला की ते उठतात, बॅटरी घेऊन खाली वाकतात, काढलेली घालतात, घातलेली काढतात. इशारा लाल असेल तर काय करायचं ते नियमात नाही. तेव्हा बुचं नानींच्या पदराला बांधलेली असतात.